हृदयाकडे पाठवलेला रेणू यकृतात पोचला

आज मी शीबद्दल बोलणार आहे. हसू नका. आणि जेवता जेवता ऐकत असाल तर आत्ता पॉज करा, नंतर या, मी कुठे जात नाहीये.

माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, मुलगी झाली. पहिली बेटी, घरात नुसता आनंद. बाळ जरा पिवळसर होतं. सगळे म्हणाले, होतं असं, कोवळं ऊन दाखवा. आणि त्यात तसं चूक काही नव्हतं. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात कितीतरी बाळांना कावीळ होते आणि आपोआप जाते. पण इथे महिना उलटला तरी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळाच. जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन वाढतंय ना, मग जाईल हळूहळू. मग एका रात्री अकरा वाजता ताईचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दुपट्यावरची शी. खाली लिहिलेलं, "अगं, हा रंग बरोबर आहे का?"

रंग कसा होता सांगू? गणपतीची शाडूची माती असते ना, तसा. पिवळा नाही, हिरवा नाही, मातकट पांढरा.

मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण थोडं शोधल्यावर एवढं कळलं की हा फोटो सकाळपर्यंत ठेवायचा नाही. मी ताईला लगेच फोन केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्यात लहान मुलांच्या यकृताच्या डॉक्टरांसमोर बसलो होतो. बाळ ४१ दिवसांचं होतं. हा आकडा लक्षात ठेवा.

आता आधी पित्त म्हणजे काय ते बोलू. आपण मराठीत "मला पित्त झालंय" म्हणतो ते अ‍ॅसिडिटीचं. ते नाही. खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो बारीक नळ्यांमधून खाली आतड्यात उतरतो. शीला जो पिवळा किंवा तपकिरी रंग असतो, तो त्या पित्तातल्या रंगद्रव्यामुळे. म्हणजे शी पांढरी याचा अर्थ पित्त खाली येत नाहीये. मग ते रंगद्रव्य, बिलिरुबिन, रक्तात साठतं. म्हणून डोळे पिवळे.

डॉक्टरांनी कागदावर दोन चित्रं काढली. पहिलं, यकृताच्या पेशीच सुजल्यात, पित्त पुढे ढकलायची ताकद नाही. यात बहुतेक वेळा औषधं द्यायची आणि थांबायचं. दुसरं, पेशी काम करतायत पण पित्ताच्या नळ्याच बंद झाल्यात. याला बिलिअरी अट्रेसिया म्हणतात. यात थांबायचं नाही. जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. खराब नळ्या काढून आतड्याचा एक तुकडा थेट यकृताला जोडायचा. पण ती शक्यतो बाळ ६० दिवसांचं होण्याआधी करायची. जितका उशीर, तितकं यकृत आतून कडक होत जातं आणि मग एकच रस्ता उरतो, यकृत प्रत्यारोपण.

बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. पिवळे डोळे, पांढरी शी. एकात थांबणं शहाणपणाचं, दुसऱ्यात थांबणं धोक्याचं. आणि आमच्याकडे १९ दिवस होते.

मी विचारलं, रक्ताच्या तपासणीत कळत नाही का? लिव्हर फंक्शन टेस्ट असतेच की. तर त्या नावात जरा गंमत आहे. त्यातले एसजीओटी, एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातून रक्तात गळणारी एन्झाइम्स. आमच्या भाषेत सांगायचं तर तो एरर लॉग आहे. काहीतरी मोडलंय एवढं कळतं. काम किती चाललंय आणि नेमकं कुठे अडलंय, ते कळत नाही. सोनोग्राफीत रचना दिसते, पण एवढ्याशा बाळाच्या पित्तनलिका म्हणजे दोऱ्याएवढ्या बारीक.

आमच्याकडे एखादी रिक्वेस्ट दहा सर्व्हिसमधून जाताना मध्येच गायब होत असेल तर आम्ही काय करतो? तिच्यावर एक ओळखीचा नंबर चिकटवतो, सोडतो आणि कुठपर्यंत पोचली ते बघत बसतो. यकृताच्या बाबतीत ते काम करतो किरणोत्सारी ट्रेसर. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. कारण ताईच्या मुलीला जे इंजेक्शन दिलं, त्यामागची गोष्ट मला नंतर कळली, आणि ती मला अजून सोडत नाही.

बघा, असा ट्रेसर बनवायचा तर अटी किती. यकृताने तो आपलाच माल समजून आत घेतला पाहिजे. मूत्रपिंडाने मध्येच पळवता कामा नये. पेशीतून तो जसा आला तसाच पित्तात उतरला पाहिजे. बाहेरून दिसला पाहिजे. इतका थोडा हवा की यकृताला त्याचं ओझंही वाटू नये. आणि काम झालं की लवकर नाहीसा व्हायला हवा.

पहिला चांगला प्रयत्न १९५५ चा. कॅलिफोर्नियात जॉर्ज टॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग घेतला. हा रंग यकृत रक्तातून उचलतं हे आधीपासून माहीत होतं. त्याला त्यांनी किरणोत्सारी आयोडीन-१३१ जोडलं. कल्पना झकास, पण आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. म्हणजे अर्धं संपायलाच आठ दिवस. वर ते बीटा किरणही सोडतं. ते शरीरातच जिरतात, चित्रासाठी काही उपयोग नाही, नुसता डोस वाढतो. म्हणून द्यायचं अगदी थोडं, आणि थोडं दिलं की चित्र धूसर.

मग आलं टेक्नेशियम-९९एम. हे मूलद्रव्य १९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मो इथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी शोधलं. त्याच्या या 'एम' रूपाचं अर्धायुष्य फक्त सहा तास. गॅमा किरण १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे शरीरातून बाहेर येण्याइतके जोरदार आणि कॅमेऱ्याने पकडण्याइतके मवाळ. पण सहा तासांत अर्धी होणारी वस्तू दवाखान्यापर्यंत न्यायची कशी?

याचं उत्तर न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत सापडलं, १९५० च्या दशकाच्या शेवटी, आणि तेही दुसरंच काम करताना. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन आयोडीनचं एक समस्थानिक शुद्ध करत होते. त्यात कसलीतरी भेसळ सापडली. ती होती टेक्नेशियम. मॉलिब्डेनम-९९ तिथे चुकून सोबत आलं होतं आणि त्यातून हे तयार होत होतं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास. मग त्यांनी ते अ‍ॅल्युमिनाच्या एका नळीत चिकटवून ठेवलं. वरून मिठाचं पाणी सोडलं की मॉलिब्डेनम नळीतच राहतं आणि टेक्नेशियम पाण्याबरोबर खाली येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. न्यूक्लिअर मेडिसिनवाले याला गाईची धार काढणं म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. गाय दवाखान्यात बांधायची, रोज सकाळी धार काढायची. फक्त ही गाय आठवड्यात आटते. सात दिवसांनी मॉलिब्डेनमचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो, म्हणून नवी आणावी लागते.

आपल्याकडे ही सोय कुठून येते? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशी समस्थानिकं तयार होतात, आणि नवी मुंबईत वाशीला 'ब्रिट' नावाची अणुऊर्जा विभागाची संस्था आहे, ती टेक्नेशियमचे जनरेटर आणि त्यात मिसळायच्या औषधांच्या कुप्या दवाखान्यांना पुरवते. मी वाशीवरून शंभर वेळा गेले असेन, कधी कळलंच नव्हतं.

ही साखळी किती नाजूक आहे ते जगाने २००९ मध्ये पाहिलं. कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे वर्षाहून जास्त काळ बंद राहिली, त्यात २०१० मध्ये नेदरलँड्समधली पेटेनची अणुभट्टीही काही महिने दुरुस्तीला गेली. जगभर तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. हा माल गोदामात साठवून ठेवताच येत नाही.

असो. टेक्नेशियम मिळालं, पण एक अडचण होती. तो धातू आहे. आयोडीन तयार रेणूला सहज चिकटतं. धातूला धरायला मात्र रेणूत चिमटा बसवावा लागतो. आणि छोट्या रेणूला चिमटा लावला की त्याचा स्वभावच बदलतो. त्यामुळे तयार औषध घेऊन त्याला टेक्नेशियम लावायचं, हे तेव्हा कुणाला नीट जमलेलं नव्हतं.

१९७० च्या दशकाच्या मध्यात बाल्टिमोरला, मेरीलँड विद्यापीठात, मायकेल लोबर्ग आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करत होते. त्यांनी लिडोकेन घेतलं. आपल्याकडे दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला इंजेक्शन देतात ना, लिग्नोकेनचं, तेच. हृदयाचे ठोके बिघडले तरी ते देतात. म्हणून हेतू असा की हे हृदयाकडे जाईल आणि हृदयाचं चित्र मिळेल. त्यांनी लिडोकेनच्या एका टोकाचे दोन छोटे गट काढले, त्या जागी आम्लाचे दोन हात बसवले, आणि त्या हातांत टेक्नेशियम धरलं. नाव पडलं हिडा.

प्राण्यांना दिलं. हृदयात काही नाही. सगळं गेलं यकृतात, तिथून पित्ताशयात, तिथून आतड्यात.

आता विचार करा, आपण काय केलं असतं? माझा एखादा प्रयोग असा फसला तर मी कोड मागे घेते, तिकीट बंद करते, विषय संपला. यांनी ते आतडं पाहिलं आणि ओळखलं की हृदयाचा ट्रेसर गेला, पण यकृताचा मिळाला. १९७५ मध्ये त्यांनी तो यकृत आणि पित्तमार्गासाठीच मांडला.

असं का झालं, तेही लोबर्ग यांनीच पुढे १९७८ मध्ये दाखवलं. त्यांना वाटलं होतं एक रेणू, एक टेक्नेशियम. प्रत्यक्षात एका टेक्नेशियमला दोन्ही बाजूंनी दोन हिडा धरतात. म्हणजे लिडोकेनसारखं काही उरतच नाही. तयार होतो एक मोठा रेणू, दोन्ही टोकांना तेलकट कडी आणि एकूण एक ऋण विद्युतभार. यकृताच्या पेशीला असा रेणू बिलिरुबिनच्या भाऊबंदांसारखा वाटतो. ज्या दारातून बिलिरुबिन आत घेतात त्याच दारातून ती त्यालाही घेते. आत गेल्यावर त्याचं काही करत नाही, जसाच्या तसा पलीकडे पित्तात सोडते. सगळ्या अटी पूर्ण.

एक सोडून. दार एकच ना? मग ज्याला कावीळ जास्त, त्याच्या रक्तात बिलिरुबिनची गर्दी, आणि ट्रेसर रांगेत मागे. तेवढ्यात मूत्रपिंड त्याला लघवीत काढून टाकतं. म्हणजे ज्याला तपासणीची गरज जास्त त्याचंच चित्र वाईट. मग रसायनतज्ज्ञ त्या कड्यावरचे गट बदलत बसले. इथे एक मिथाइल, तिथे एक ब्रोमिन, पुन्हा तपासा. त्यातून डिसोफेनिन आलं, ज्याचा सुमारे ८८ टक्के भाग यकृत उचलतं. आणि ब्रोमिनवालं मेब्रोफेनिन, ज्याचा सुमारे ९८ टक्के उचलतं. कावीळ बरीच वाढलेली असली तरी ते चालतं. ताईच्या मुलीला दिलं ते हेच.

पण दिलं लगेच नाही. आधी पाच दिवस फेनोबार्बिटोन नावाचं औषध. ते यकृताला जरा हलवून जागं करतं. म्हणजे पेशी नुसत्याच सुस्तावलेल्या असतील तर त्या ट्रेसर पुढे ढकलतील, आणि उगाच नळ्या बंद असल्याचा निष्कर्ष निघणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण १९ दिवसांतले पाच दिवस म्हणजे काय, ते जिजूंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टरांनी बाकीच्या सगळ्या तपासण्या त्या पाच दिवसांत उरकून घेतल्या.

४६ व्या दिवशी स्कॅन. ताईच्या सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, एवढ्याशा जिवाच्या अंगात अणुबॉम्बचं काय घालतायत?" मला राग नाही आला, प्रश्न रास्त होता. मी तिथेच मोबाइलवर हिशोब केला. मोठ्या माणसाला या स्कॅनसाठी जेवढं किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम देतात, त्याचं वजन एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर जवळपास एका भागाएवढं भरतं. बाळाला त्याहून कितीतरी कमी. त्या म्हणाल्या, "मग ते दिसतं तरी कसं?" मी म्हटलं, "आजी, तोच तर कॅमेरा."

सकाळी तिथल्या तंत्रज्ञांना मी विचारलं, कुपीत काय असतं? मेब्रोफेनिनची कोरडी पूड आणि थोडं कथिलाचं क्षार. कथिल नसेल तर टेक्नेशियम त्या रेणूत बसतच नाही. मिसळल्यावर ते कागदाच्या पट्टीवर तपासतात, जोडणी नीट झालीय का. मी विचारलं, नाही झाली तर? ते म्हणाले, सुटं टेक्नेशियम जठरात जातं, तिथून आतड्यात उतरू शकतं, आणि आपल्याला वाटतं पित्तच उतरलं. म्हणजे "सगळं ठीक आहे" असं खोटंच दिसेल, आणि बाळ घरी जाईल. त्या कागदाच्या पट्टीकडे मी नंतर वेगळ्या नजरेने बघितलं.

इंजेक्शन दिलं. स्क्रीनवर आधी हृदय उजळलं, कारण रक्तात ट्रेसर आहे. मग काही मिनिटांत हृदय विझत गेलं आणि यकृत छान भरून आलं. एरवी तासाभरात आतडं दिसू लागतं. इथे तास गेला. खालचा भाग रिकामाच. तंत्रज्ञ म्हणाले, यकृत चांगलं उचलतंय. ताईला वाटलं चांगली बातमी. मला आतापर्यंत एवढं कळत होतं की यकृत उचलतंय आणि खाली काहीच उतरत नाही, ही ती बातमी नव्हती.

शेवटचं चित्र २४ तासांनी. २४ तास म्हणजे सहा तासांची चार अर्धायुष्यं, म्हणजे सोळावा हिस्सा उरतो. म्हणून कॅमेरा जास्त वेळ लावून ठेवतात. एखादा ठिपका जरी आतड्यात दिसला तरी नळ्या उघड्या आहेत, आणि बिलिअरी अट्रेसिया नाही. त्या रात्री आम्ही चौघं एका ठिपक्याची वाट बघत होतो.

ठिपका आला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. आतड्यात ट्रेसर दिसला तर हा आजार नाही, असं डॉक्टर बऱ्याच खात्रीने म्हणतात. पण दिसला नाही म्हणजे आजार आहेच, असं नाही. फार सुजलेलं यकृतही ट्रेसर अडवून ठेवू शकतं. म्हणून शेवटचा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. आधी पित्तनलिकांत रंग सोडून पाहिला, मगच पुढे गेले. ५१ व्या दिवशी कासाई झाली.

आठवड्याभराने ताईने पुन्हा फोटो पाठवला. हिरवट पिवळी शी. फॅमिली ग्रुपवर. त्या फोटोला जेवढे बदाम आले तेवढे कुणाच्या लग्नाच्या फोटोला आले नसतील.

आता ती दीड वर्षाची आहे, रक्तातलं बिलिरुबिन ठीक आहे, पळते, चावते. पण गोष्ट संपलेली नाही. कासाई झालेल्या बऱ्याच मुलांना पुढे कधीतरी प्रत्यारोपण लागतं. आम्ही दर काही महिन्यांनी जातो आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट उघडताना पोटात गोळा येतो.

हाच ट्रेसर मोठ्यांनाही लागतो. कर्करोगासाठी यकृताचा मोठा भाग कापायचा असेल तर प्रश्न येतो, उरलेला भाग पुरेल का? सीटी स्कॅन आकार सांगतो. पण आकार मोठा असून काम कमी, असं यकृतही असतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी मेब्रोफेनिन देऊन मोजलं की उरणारा भाग मिनिटाला किती टक्के ट्रेसर उचलतो. २०१० मध्ये त्यांनी एक सीमा मांडली, शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला २.६९ टक्के. त्याखाली असेल तर शस्त्रक्रियेनंतर यकृत थकण्याचा धोका जास्त. जपानमध्ये यासाठी जीएसए नावाचा वेगळा ट्रेसर वापरतात. तो यकृताच्या पेशीवरच्या एका खास ग्राहकाला जाऊन चिकटतो, बिलिरुबिनच्या रांगेत उभाच राहत नाही.

आता शेवटचं. हे सगळं विज्ञान, अणुभट्टी, कुपी, कॅमेरा, सगळं आमच्यासाठी तयार होतं. वेळ गेला तो त्याआधी, घरी. तैवानमध्ये २००४ पासून बाळाच्या पुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्ड देतात. आईने रंग ताडून बघायचा, फिकट वाटला तर कळवायचं. एवढंच. एका कागदाचं काम.

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कुणाला बाळ झालं असेल तर तीन गोष्टी सांगा. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आहेत का? शी पांढुरकी, फिकट आहे का? लघवीचा लंगोटावर गडद पिवळा डाग पडतो का? यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "डायरेक्ट बिलिरुबिन तपासायचं का?" ऊन दाखवत बसू नका. बहुतेक वेळा काही निघणार नाही. निघालं तर तुमच्या हातात दिवस उरलेले असतील.

हा भाग एखाद्या नव्या आईला पाठवा. बाबालाही पाठवा, लंगोट त्यानेही बदलायचा असतो. भेटू पुढच्या भागात.